ड्रोन ३५ मीटरवरून पडला. लॉग आहे, तुटलेले भाग आहेत, कारण सापडत नाही

चारपंखी | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

शनिवारी सकाळी माझा क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) हवेतून सरळ खाली आला. मैदान मोकळं होतं, जवळपास कुणी नव्हतं, एवढं एक बरं झालं. दोन रात्री डोकं लावून बसलोय, पण उलगडा होत नाही. नुसतं दुरुस्त करून परत उडवायची माझी तयारी नाही, आधी कारण कळायला हवं. म्हणून आठवतंय ते सगळं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

फ्रेम ४५० मिमी, ९०० केव्हीच्या चार मोटर, १० इंची प्रॉप (पंखे), ३० अँपिअरचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं), ३ सेलची ५००० एमएएच लायपो बॅटरी. बॅटरी धरून वजन १.४ किलो. कंट्रोलरवर आर्दुपायलट हे सॉफ्टवेअर. गेल्या दीड वर्षात शंभराच्या आसपास उड्डाणं झाली, मोठा अपघात एकही नाही.

त्या दिवशी लॉइटरमध्ये होतो, म्हणजे ड्रोन आपणहून जागा धरून राहतो त्या मोडमध्ये. वारा होता, पण फार नाही. सहा मिनिटं सगळं ठीक चाललं. मग आणखी वर न्यायचा म्हणून थ्रॉटल वाढवला. दोन-तीन मीटर चढला असेल, आणि एक मोटर एकदम बारीक, चिरका आवाज काढायला लागली. क्षणभरच. लगेच ड्रोन पुढे डावीकडे कलंडला आणि गरगरत खाली आला. मी खालून बघत होतो, मला तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना दिसला. स्टिक सगळ्या बाजूंना हलवून पाहिल्या, काही उपयोग झाला नाही.

पुढचा डावा आर्म मोडलाय. तीन मोटरवरचे प्रॉप फुटून चिंध्या झालेत. चौथ्याचं, म्हणजे पुढच्या डाव्याचं, एक पातं मुळाशी मोडलंय आणि दुसरं जसंच्या तसं आहे. चारही नट जागेवर आहेत, चारही मोटर हाताने मोकळ्या फिरतात. लायपोचा एक कोपरा चेपलाय.

माझा संशय बॅटरीवर आहे. तिचे १४० चार्ज झालेत. लॉग, म्हणजे ड्रोनने स्वतः ठेवलेली उड्डाणाची नोंद, काढून ठेवलाय, पण मला तो नीट वाचता येत नाही.

उंच_घार | सोमवार, रात्री ९:४०

लॉग नंतर बघू, आधी त्या चेपलेल्या लायपोचं बघा. घरात कुठे ठेवलीय? कोपरा चेपलाय म्हणजे आतल्या थरांना मार बसलेला असू शकतो. अशी बॅटरी काही तासांनीही फुगते किंवा पेटते. पेट घेईल असं काही आसपास नको, उघड्यावर, धातूच्या डब्यात किंवा वाळूत ठेवा. चार्जरला लावून बघायचा मोह अजिबात नको.

मग फाइल टाका. नुसता टेलिमेट्री (रेडिओवरून आलेला) लॉग नको, ड्रोनमधल्या कार्डावरची बिन फाइल हवी.

चारपंखी | सोमवार, रात्री ९:५८

घरातच होती, कपाटात. आत्ता बाहेर नेऊन वाळूच्या बादलीत ठेवली. आभारी आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं.

फाइल जोडली आहे.

सोल्डरवाला | सोमवार, रात्री १०:२०

फाइल न उघडताच सांगतो, ईएससी डीसिंक झालाय. थ्रॉटल दिल्याबरोबर मोटर चिरकली आणि त्या कोपऱ्यातून ड्रोन उलटला. ही कहाणी मी स्वतः दोनदा भोगलीय. या मोटरमध्ये सेन्सर नसतो. रोटर कुठे आहे हे ईएससी मोकळ्या फेजवर तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखतो. थ्रॉटल झटक्यात वाढला की कधी त्याचा अंदाज चुकतो, मग तो चुकीच्या क्षणी वीज देत राहतो आणि मोटर थरथरून थांबते. टायमिंग वाढवा, ईएससीचं फर्मवेअर बदला.

काटकोन | मंगळवार, सकाळी ७:०५

सकाळी चहाच्या आधी फाइल उघडली. संध्याकाळी सविस्तर लिहिते, पण बॅटरीचा विषय आत्ताच मिटवू या.

पडण्याच्या क्षणी व्होल्टेज ११.३ होतं, म्हणजे सेलमागे ३.७७. भाराखाली सेल ३.५ च्या खाली जायला लागला तर मी काळजी करते, तुमचा त्याच्या बराच वर आहे. दुसरं, कंट्रोलरची वीज गेली असती तर लॉग हवेतच तुटला असता. शेवटच्या ओळीला उंची ३० मीटर आणि पुढे काहीच नाही, असं दिसलं असतं. तुमचा लॉग जमिनीवर आदळल्यानंतरही चालू आहे. कंट्रोलरला मिळणारं व्होल्टेज पूर्ण वेळ ५ च्या आसपास सपाट आहे. बॅटरी निर्दोष आहे.

उंच_घार | मंगळवार, सकाळी ८:३०

मग कंपास? लॉइटरमध्ये कंपास भरकटला तर ड्रोन आधी गोल गोल घिरट्या घालतो आणि मग सुसाट सुटतो.

काटकोन | मंगळवार, संध्याकाळी ७:४८

आता निवांत लिहिते.

आधी उंच_घार यांच्या कंपासबद्दल. लॉगमध्ये एटीटी नावाची नोंद असते. तिच्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी मिळतात : कंट्रोलरने मागितलेला कोन आणि ड्रोनचा खरा कोन. माझ्या मते कुठल्याही अपघातात पहिला आलेख हाच काढावा, कारण तपास कुठल्या वाटेने न्यायचा ते इथेच ठरतं. कंपास, जीपीएस किंवा रेडिओ बिघडला तर कंट्रोलर स्वतःच चुकीचा कोन मागतो आणि ड्रोन इमानेइतबारे तो देतो. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून वेड्यावाकड्या जातात. इथे तसं नाही. मागितलेला रोल (डावा-उजवा कल) शेवटपर्यंत शून्याच्या आसपास आहे, खरा रोल मात्र अर्ध्या सेकंदातच डावीकडे ६० अंशांच्या पुढे गेलाय. पिचही (पुढचा-मागचा कल) तसाच, पुढे. कंट्रोलर "सरळ राहा" म्हणत होता आणि ड्रोनला ते जमत नव्हतं. म्हणजे बिघाड हुकूम देणाऱ्यात नाही, अंमलबजावणीत आहे : मोटर, ईएससी, प्रॉप, वायर किंवा फ्रेम.

मोड शेवटपर्यंत लॉइटर, फेलसेफची (संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली की आपोआप होणाऱ्या कृतीची) एकही नोंद नाही. त्रुटींमध्ये फक्त क्रॅश चेक आहे, तोही जमिनीवर आदळल्यानंतरचा.

पुढे आरसीओयू, म्हणजे मोटरना गेलेले हुकूम. त्या अर्ध्या सेकंदात ३ नंबरचा हुकूम १६५० वरून वर चढत कमाल पातळीला जाऊन चिकटला, त्याच वेळी ४ नंबरचा तळाला गेला. एखाद्या कोपऱ्याचा जोर गेला की कंट्रोलर हेच करतो : पडत्या कोपऱ्याला पूर्ण ताकद देतो आणि समोरच्या कोपऱ्याची काढून घेतो. ३ नंबरची मोटर हवेला जोर देत नव्हती एवढं पक्कं झालं. का देत नव्हती, ते अजून नाही.

सोल्डरवाला | मंगळवार, रात्री ८:१५

३ नंबर म्हणजे मागची डावी. पण ड्रोन पुढे डावीकडे कलला म्हणतायत, हे जुळत नाही. शिवाय तो घड्याळाच्या उलट फिरला. जी मोटर बंद पडते तिच्या प्रॉपच्या दिशेने फ्रेम फिरते, म्हणजे गेलेली मोटर घड्याळाच्या उलट फिरणारी हवी. लॉग वाचताना काहीतरी चुकतंय.

काटकोन | मंगळवार, रात्री ८:५२

दोन्ही शंका रास्त आहेत, कारण इथे दोन्ही ठिकाणी पाय घसरतो.

तुम्ही बीटाफ्लाइट या दुसऱ्या सॉफ्टवेअरचे क्रमांक धरले आहेत. तिथे ३ म्हणजे मागची डावी. आर्दुपायलटच्या एक्स रचनेत १ पुढची उजवी, २ मागची डावी, ३ पुढची डावी, ४ मागची उजवी. यातल्या १ आणि २ घड्याळाच्या उलट फिरतात, ३ आणि ४ घड्याळाच्या दिशेने. म्हणजे ३ नंबर पुढची डावीच, आणि ड्रोन तिकडेच कलला.

फिरण्याबद्दल : चारपंखी खाली उभे राहून वर बघत होते. वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणारी वस्तू खालून उलट दिशेने फिरताना दिसते. लॉगमध्ये यॉचा, म्हणजे नाकाच्या दिशेचा, आकडा वाढत गेलाय, म्हणजे वरून पाहता फ्रेम घड्याळाच्या दिशेने फिरली. ३ आणि ४ दोन्ही सुलट फिरणाऱ्या. एकीचा जोर गेला, दुसरीचा कंट्रोलरने काढला, उरलेल्या दोन उलट फिरणाऱ्यांच्या प्रतिक्रियेने फ्रेम सुलट फिरली. तुमचा नियम बरोबरच आहे, आणि तो ३ नंबरकडेच बोट दाखवतो.

सोल्डरवाला | मंगळवार, रात्री ९:०३

मान्य. क्रमांकाची चूक माझी. खालून-वरूनचा मुद्दा लक्षातच आला नव्हता, हा कायमचा डोक्यात राहील.

तरीही डीसिंकवरचा माझा संशय गेलेला नाही.

नवशिकी | मंगळवार, रात्री ९:३०

मध्येच विचारते. मी तीन महिन्यांपूर्वी पहिला ड्रोन जोडला. मोटरला हुकूम गेला होता, पण ती फिरत होती की नाही हे लॉगवरून कळू शकतं का? की तिथे अंदाजच लावावा लागतो?

काटकोन | मंगळवार, रात्री १०:११

नेमका प्रश्न विचारलात. साध्या ईएससीवर कळत नाही, मग प्रवाहाच्या आलेखावरून तर्क करावा लागतो. पण चारपंखी यांनी दुतर्फा डीशॉट चालू ठेवलंय. त्यात ईएससी प्रत्येक मोटरचा वेग परत कळवतो. तो आलेख मी आत्ता काढला आणि खुर्चीत सरळ होऊन बसले.

डीसिंक झालं असतं तर ३ नंबरचा आरपीएम (मिनिटाला फेरे) कोसळला असता. फेजची वायर तुटली असती तरी तेच. झालं नेमकं उलट : चारही मोटर ४,६०० च्या आसपास असताना ३ नंबरचा वेग एकदम वाढला आणि ९,८०० वर जाऊन थांबला.

हा आकडा कुठून आला ते पाहा. केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. ११.३ गुणिले ९०० म्हणजे १०,१७०. घर्षण वगैरे वजा केलं की ९,८०० होतात. १० इंची प्रॉप वागवत ही मोटर ३ सेलवर एवढा वेग गाठूच शकत नाही. म्हणजे शेवटच्या दोन सेकंदांत ती रिकामी फिरत होती, तिच्यावर प्रॉपचा भार नव्हता. चारपंखी यांनी ऐकलेला चिरका आवाज तोच. एकूण प्रवाहही त्याच क्षणी उतरलाय.

सोल्डरवाला | मंगळवार, रात्री १०:२५

हा पुरावा पुरेसा आहे. डीसिंक मागे घेतो.

उंच_घार | मंगळवार, रात्री १०:३१

पण प्रॉप तर शाफ्टवर आहे! नटही जागेवर आहे. भार गेला कुठे? पातं हवेतच तुटलं असेल?

काटकोन | मंगळवार, रात्री १०:४४

मलाही तेच वाटलं होतं, म्हणून कंपनं पाहिली. दोन पात्यांपैकी एक गेलं तर तोल इतका बिघडतो की कंपनांचा आलेख छपराला लागतो. आर्दुपायलटमध्ये ३० च्या खाली चांगलं धरतात, ६० च्या वर गेलं की हमखास त्रास. इथे आदळेपर्यंत २० च्या खाली आहे, क्लिपिंग (सेन्सरची मर्यादा ओलांडल्याच्या नोंदी) शून्य. पातं जमिनीवरच मोडलं.

आता मला लॉगमधून आणखी काही मिळेल असं वाटत नाही. पुढचं उत्तर त्या मोटरवरच आहे. चारपंखी, ३ नंबरचे जवळून फोटो टाकता का? आणि तो प्रॉप काढू नका, आहे तसाच राहू द्या.

आटेपाना | बुधवार, सकाळी ६:५०

मी लेथवर काम करतो, ड्रोन हा रविवारचा छंद. फोटोची वाट बघत असताना पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्याकडे लक्ष वेधतो : "तीन प्रॉप फुटून चिंध्या, चौथ्याचं एक पातं शाबूत."

फिरता पंखा जमिनीला लागतो तेव्हा दोन्ही पाती मार खातात. टोकं झिजतात, चिरतात, गोलाईत ओरखडे उठतात. न फिरणारा पंखा आदळला तर जे पातं खाली येतं ते मुळाशी मोडतं आणि दुसऱ्याला खरचटतही नाही. मोठ्या विमानांच्या अपघातातही इंजिन ताकद देत होतं की नाही हे प्रोपेलरच्या पात्यांच्या वाकण्यावरून ताडतात.

म्हणजे मोटर ९,८०० ने फिरत होती आणि तिच्यावरचा पंखा जवळपास उभा होता. या दोघांच्या मध्ये काय आहे? प्रॉप अडकवायची पद्धत कोणती? थेट बेलवर (मोटरच्या फिरत्या कवचावर) स्क्रूने, शाफ्टच्या आट्यांवर, की कॉलेट?

चारपंखी | बुधवार, सकाळी ८:१५

कॉलेट. अॅल्युमिनियमचा, फटी असलेला. गुळगुळीत शाफ्टवर सरकवायचा, वर प्रॉप, वर नट. नट आवळला की कॉलेट शाफ्टला आवळतो.

पण मी तपासलंय. बेल एका हाताने धरून प्रॉप मधोमध धरून पिळला, हलत नाही. घट्ट आहे.

आटेपाना | बुधवार, सकाळी ८:४०

मधोमध धरून बोटांनी पिळलंत तर ते फसवं असतं. तुमचा हात मोटरएवढा पीळ देत नाही. हिशेब करू.

९०० केव्हीची मोटर एका अँपिअरला सुमारे ०.०१०६ न्यूटन-मीटर पीळ देते (९.५५ भागिले केव्ही). थ्रॉटल पूर्ण असताना १५ अँपिअर धरले तर ०.१६. प्रॉप १० इंची, म्हणजे मधापासून टोकापर्यंत १२७ मिमी. ०.१६ भागिले ०.१२७ म्हणजे १.२६ न्यूटन, साधारण १३० ग्रॅम. नुसतं तरंगताना ४ अँपिअर धरा, तर ३५ ग्रॅम.

बॅटरी पूर्ण सोडवलेली हवी. मोटर आडवी धरा, बेल घट्ट पकडा, शाबूत पातं जमिनीला समांतर ठेवा आणि टोकाला दोऱ्याने वजन टांगा. कोणती बाजू वर ते जपून ठरवा, ओढ प्रॉपच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने पडायला हवी, कारण हवा तशीच ओढते. ग्रॅम ग्रॅम वाढवा. १३० च्या आत घसरला तर उत्तर मिळालं. चांगला कॉलेट याच्या तिप्पट सहज धरतो.

आधी शाफ्ट आणि कॉलेटवर मिळून मार्करने एक रेघ मारा, म्हणजे घसरणं डोळ्यांना दिसेल.

चारपंखी | बुधवार, रात्री ८:३५

केलं. हात थरथरत होते, म्हणून तीनदा केलं. घरातला वजनकाटा आणि साखरेची पिशवी वापरली.

३ नंबर : पहिल्यांदा ७० ग्रॅमला घसरला. मग ६०. मग पुन्हा ६०. मार्करची रेघ चक्क तुटून दोन ठिकाणी गेली.

१ आणि २ वर नवीन प्रॉप चढवण्यासाठी नट सैल करावा लागला असता, मग मोजमापाला अर्थ उरला नसता. म्हणून कॉलेटला एक पट्टी बांधून तिच्यावर वजन टांगलं, अंतर तेच १२७ मिमी ठेवलं. दोघींनी ४०० ग्रॅमला दाद दिली नाही. तिथेच थांबलो.

४ नंबर २५० ला सरकला.

तरंगताना ३५ ग्रॅम लागतात, म्हणून सहा मिनिटं तो उडत राहिला. वर न्यायला थ्रॉटल दिला आणि सुटला. दीड वर्ष मी दर उड्डाणाआधी बोटांनी पिळून बघत होतो आणि "घट्ट आहे" म्हणत होतो.

नवशिकी | बुधवार, रात्री ८:५०

वाचताना अंगावर काटा आला. पण चारपैकी ३ नंबरचाच का सुटला? कॉलेट चारही सारखेच ना?

आटेपाना | बुधवार, रात्री ९:२०

चारही सारखे, तेच तर कारण आहे. चारही नटांचे आटे सुलटे असणार, सोबत मिळालेल्या पाकिटात बहुतेक वेळा तसेच येतात.

सुलट आट्याचा नट घड्याळाच्या दिशेने आवळतो, उलट दिशेने सुटतो. मोटर घड्याळाच्या दिशेने फिरताना हवा प्रॉपला मागे, म्हणजे उलट दिशेने ओढते. प्रॉप जरा जरी सरकला तरी नटाला सोबत घेऊन जातो आणि तो सैल होतो. ३ आणि ४ सुलट फिरणाऱ्या, म्हणून त्यांचे नट सैल होण्याच्या बाजूला. १ आणि २ वर तोच प्रॉप नटाला आवळत जातो. तुमचे आकडे बघा : ६०, २५० आणि दोन ४०० च्या वर. ज्या दोन मोटरवर उलट्या आट्यांचा नट हवा होता त्याच दोन कमजोर निघाल्या.

पण ३ आणि ४ मध्ये एवढा फरक का, हे आट्यांवरून सांगता येत नाही. काहीतरी वेगळं ३ नंबरला झालंय. अलीकडे तिच्यावर काही काम केलं होतं का? काही काढघाल?

चारपंखी | बुधवार, रात्री ९:४१

प्रॉप सहा महिन्यांत बदललेला नाही.

एक आठवलं. महिन्याभरापूर्वी ३ नंबरच्या बेअरिंगचा आवाज येत होता. शाफ्टच्या वरच्या बाजूने तेलाचे दोन थेंब सोडले होते. आवाज गेला, मी खूश झालो. बाकी तिन्हींना तेल घातलं नव्हतं.

आटेपाना | बुधवार, रात्री ९:४४

कॉलेट काढा आणि आतून कापसाने पुसा.

चारपंखी | बुधवार, रात्री १०:१०

कापूस काळा-करडा झाला आणि तेलकट. शाफ्टवर चकचकीत कडं पडलंय, बोटभर खाली अॅल्युमिनियमची बारीक पूड चिकटलीय. ४ नंबरचा कॉलेट कोरडा आहे.

काटकोन | बुधवार, रात्री १०:३०

चारपंखी, जुने लॉग आहेत का तुमच्याकडे? तेल घालण्याआधीचे दोन आणि नंतरचे मिळतील तेवढे सगळे द्या. माझ्या मनात एक शंका आहे.

चारपंखी | बुधवार, रात्री १०:४८

कार्डावर सगळे आहेत, कधी पुसलेच नाहीत. जोडतोय. तेल घातलं त्या दिवसानंतर नऊ उड्डाणं झाली.

काटकोन | गुरुवार, रात्री ९:०५

काल रात्रीपासून यावरच होते. शांत हवेत, एका जागी तरंगत असतानाचे तुकडे निवडले आणि चारही मोटरचा वेग त्यांना मिळालेल्या हुकुमाशेजारी ठेवून पाहिला.

तेलाच्या आधी चारही मोटर समान हुकुमाला जवळपास समान वेग देतात, फरक शंभराच्या आत. तेलानंतरच्या पहिल्या तीन उड्डाणांत काही नाही. चौथ्यापासून ३ नंबरचा वेग तेवढ्याच हुकुमाला २०० ते ३०० ने जास्त. सहाव्यात मधूनच बारीक काटे, ५,३०० पर्यंत वर जाऊन लगेच खाली. हे काटे म्हणजे क्षणभर घसरून पुन्हा पकडणं. आठव्यात दर मिनिटाला तीन-चार. नवव्यात, शनिवारच्या, पडण्याआधीच्या ४० सेकंदांत मी २२ मोजले.

घसरलं की धातू घासतो, पूड होते, प्रॉप नटाला थोडा सोडवतो, पकड आणखी कमी होते, आणखी घसरतं. तेलाने सुरुवात केली, उलट्या आट्यांच्या अभावाने ते वाढवत नेलं. आटेपाना यांचं आणि तेलाचं, दोन्ही कारणं खरी आहेत असं माझं मत. एकटं तेल कदाचित पाडू शकलं नसतं, कारण २ नंबरवर ते सांडलं असतं तर नट आवळत गेला असता.

सहा उड्डाणं हा ड्रोन आपल्याला सांगत होता. लॉग न पुसल्यामुळे ते आता तरी ऐकू आलं.

उंच_घार | गुरुवार, रात्री ९:२२

एक गोष्ट कळली नाही. आर्दुपायलटमध्ये जोर कमी पडल्याचा इशारा असतो, मोटरच्या क्रमांकासकट. तो का आला नाही?

काटकोन | गुरुवार, रात्री ९:३५

त्याला मोटर साधारण सेकंदभर कमाल पातळीला चिकटलेली लागते आणि ड्रोन तोवर बऱ्यापैकी सरळ असावा लागतो. ताकद हळूहळू कमी पडणाऱ्या, जड ड्रोनसाठी तो उपयोगी. इथे अर्ध्या सेकंदात उलटाच झाला, तपासणीला संधीच मिळाली नाही. चार मोटरच्या ड्रोनमध्ये एक गेली की सावरायला काही उरत नाही. ३५ मीटरवरून जमीन गाठायला, हवेचा विरोध सोडला, तर २.७ सेकंद लागतात आणि वेग ताशी ९४ किमीपर्यंत जातो. १.४ किलोची वस्तू त्या वेगाने. मैदान मोकळं होतं हे चारपंखी यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

चारपंखी | शनिवार, दुपारी ४:२०

दोन दिवस प्रयोग केले, ते इथे नोंदवून ठेवतो.

३ नंबरचा शाफ्ट आणि एक नवीन कॉलेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून, पान्याने आवळला : ४०० ग्रॅमला हलला नाही. मग मुद्दाम शाफ्टवर तेलाचा एक थेंब दिला आणि तेवढाच आवळला : १८० ला सरकला. पुन्हा पुसून कोरडा केला : ४०० ला घट्ट. तेलाबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

तरी कॉलेट मी चारही काढून टाकतोय. नवीन मोटर घेतल्यात. त्यांच्या शाफ्टलाच आटे आहेत, दोघींना सुलटे, दोघींना उलटे, आणि नायलॉनच्या कड्याचे लॉकनट. नट आणि शाफ्टवर मिळून रंगाची रेघ मारलीय, उडवण्याआधी ती सलग आहे की नाही एवढं बघायचं. बेअरिंगला आवाज आला तर आता बेअरिंग बदलेन. आर्म नवीन बसवला. ती लायपो मिठाच्या पाण्यात न टाकता बल्ब लावून पूर्ण उतरवली आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रावर दिली.

काटकोन, आटेपाना, तुम्ही दोघांनी जो वेळ दिलात त्याबद्दल काय लिहू? एकट्याने मी नवीन बॅटरी घेतली असती, आणि तेच कॉलेट लावून परत वर गेलो असतो.

सोल्डरवाला | शनिवार, संध्याकाळी ५:०२

पहिल्या उड्डाणाचा लॉग टाका. दोन मीटरवरच तरंगवा, दोन मिनिटं पुरेत.

चारपंखी | रविवार, सकाळी १०:१५

टाकलाय. चारही मोटर एकमेकींपासून ८० आरपीएमच्या आत. काटा एकही नाही.

पाऊलवाट | रविवार, रात्री ८:४०

गेला आठवडाभर धागा गुपचूप वाचत होतो. आज माझ्या ड्रोनवर वजन टांगून पाहिलं. माझेही कॉलेट, चारही सुलटे. १, २ आणि ३ ठीक आहेत. ४ नंबर ११० ला घसरला. प्रॉप माझेही १० इंचीच आहेत, आणि उद्या सकाळी भाच्यांना दाखवायला उडवणार होतो.

आटेपाना | रविवार, रात्री ८:४६

उद्या उडवू नका. चारही कॉलेट काढा, पुसा, आणि ४ नंबरच्या शाफ्टचा फोटो टाका. चकचकीत कडं आहे का बघू.